काचेच्या पेटीवरची नावं

आमच्या मास्तरांना कुठे चारचौघांत न्यायचं म्हटलं की मी चार वेळा विचार करते. माणूस वाईट नाही. पण समोरच्यानं नाव सांगितलं रे सांगितलं की यांचा चष्मा कपाळावर जातो आणि प्रश्न येतो, "अर्थ माहीत आहे का?" आता त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? आईबापांनी ठेवलं, शाळेत लागलं, संपलं. मग हे धातू सांगणार, प्रत्यय सांगणार, हे नाव कुठल्या राजाच्या कुठल्या मेव्हण्याचं होतं ते सांगणार, आणि तोवर माझा चहा गार. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई तर मास्तर जिन्यात दिसले की काहीतरी विसरल्यासारखं करून परत वर जातात. "काकू, तुमचे हे चांगले आहेत हो," म्हणतात, "पण माझ्या नावाचा अर्थ कळून मला करायचंय काय?" मी म्हणते, "बाई गं, तू जिना चढून सुटतेस तरी. मी लग्न करून बसलेय."

मास्तर शाळेत संस्कृत शिकवायचे. दरवर्षी वर्गातली पोरं कमी होत गेली आणि शेवटी बाकं जास्त नि डोकी कमी अशी वेळ आली. मग मुख्याध्यापकांनी त्यांना ग्रंथालयाची किल्ली दिली आणि रजेवर गेलेल्या शिक्षकांचे तास दिले. गणिताच्या तासाला पाठवलं तरी हे कौरवांची नावं सोडवून यायचे. दुसरा कोणी असता तर अपमान वाटून घेतला असता. हे घरी येऊन सांगायचे, "ऐकतात गं पोरं. भूमितीपेक्षा बरं ऐकतात." यावर काय बोलायचं? पालथ्या घड्यावर पाणी.

मी नर्स. इस्पितळात तळमजल्यावर बाळांची खोली आहे, तिथे. वेळेआधी आलेली, वजनात कमी, श्वासाला कच्ची, अशी सगळी आमच्याकडे येतात. काचेच्या पेट्या, त्यांना हात घालायला गोल खिडक्या, नळ्या, तारा, आणि सतत कुठला ना कुठला मॉनिटर किंचाळत असतो. पेटीवर कार्ड असतं. त्यावर आईचं नाव आणि पुढे नुसतं 'बाळ'. अमकीचं बाळ, तमकीचं बाळ. आया वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात असतात. दूध काढून खाली पाठवतात, जिना उतरायची ताकद आली की स्वतः येतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे उगाच गुंता नको. याच खोलीत आमचीही मुलगी होती. फार आधी आली, थोडे दिवस राहिली, गेली. नाव ठेवलं नव्हतं. मास्तरच म्हणाले होते, जरा सावरू दे तिला, मग बघू. ते बघायचं राहूनच गेलं. त्यानंतर मास्तरांनी इस्पितळाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. माझी पाळी संपायच्या वेळेला रोज येतात, फाटकाबाहेर पानवाल्याच्या टपरीशी उभे राहतात, माझी पिशवी घेतात आणि आम्ही चालत घरी जातो. लोकांना वाटतं यांना औषधांचा वास सहन होत नाही. मीही लोकांना तेच सांगते.

आणि मी? मी आधी पुरुषांच्या वॉर्डात होते. मागून घेऊन बाळांच्या खोलीत बदली करून घेतली. का, ते विचारू नका. मास्तरांनी विचारलं तेव्हा मी भांडण काढलं होतं.

पुष्कळ दिवस आम्ही घरी माझ्या कामाबद्दल बोलत नव्हतो. मग एकदा एक बाळ आलं. डोकं हे एवढं, गरगरीत, आणि त्यावर एक केस असेल तर शपथ. मला वाटेत आठवून आठवून हसू येत होतं. मास्तरांनी दोनदा विचारलं, काय झालं, काय झालं. शेवटी सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, "घटोत्कच."

"काय?"

"घट म्हणजे घडा. उत्कच म्हणजे बिनकेसांचा. भीमाच्या पोराचं डोकं जन्मताच घड्यासारखं तुळतुळीत होतं, म्हणून आईनं तेच नाव ठेवलं. एवढा मोठा योद्धा, पण नावात काय आहे? टक्कल."

मी रस्त्यात उभी राहून हसले. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहिलं, 'घटोत्कच', आणि पेटीवर कार्डाखाली चिकटवलं. बाळाची आई खाली आली, तिनं विचारलं, मी सांगितलं, आणि ती टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली. तिथून ही पद्धत पडली.

मी रोज वाटेत नव्या बाळाचं वर्णन करायचं आणि घर येईपर्यंत मास्तरांनी नाव शोधायचं. एक बाळ रडायला लागलं की आवाज थेट तबेल्यातला. "अश्वत्थामा," मास्तर म्हणाले, "द्रोणाचा मुलगा जन्मल्या जन्मल्या घोड्यासारखा खिंकाळला होता." एक भाऊ-बहीण जुळी आली, त्यांचं कृप आणि कृपी. "बोरूच्या बेटात सापडली होती दोघं. राजाला कृपा आली, उचलून आणली. म्हणून कृप, कृपी." एका बाळाच्या पोटावर आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी शस्त्रक्रिया केली, मधोमध उभी शिवण. तो जरासंध. "दोन तुकड्यांत जन्मला होता, जरा नावाच्या राक्षसिणीनं सांधला." मॅडमना हे कळलं तेव्हा त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे मी राक्षसीण?" मी म्हटलं, "आमच्या मास्तरांना विचारा, मी नुसती चिकटपट्टीवाली." मला सगळ्यात आवडायचं ते मांधाता. त्याला दूध पाजायला आईच नव्हती, म्हणून इंद्रानं स्वतःचं बोट तोंडात दिलं नि म्हणाला, हा मला पिईल. 'मां धाता'. आमच्याकडे हातमोजा घातलेलं बोट चोखणारी कितीतरी आली, पण मी ते नाव एकालाच दिलं, खरंच ज्याची आई राहिली नव्हती त्याला.

मास्तर म्हणायचे, "बघ, या कथांमधली निम्मी नावं म्हणजे तुमची जन्माची नोंद आहे. कुठे सापडलं, कशात वाढलं, कसं रडलं. द्रोण म्हणजे भांडं, भांड्यात वाढला तो द्रोण. तुमच्या खोलीत सगळे द्रोणच." हे बोलताना त्यांचा चेहरा खुलायचा. मी मुद्दाम वाद घालायचे, म्हणजे आणखी बोलतील.

पण त्यांची एक खोड होती आणि ती मला तेव्हाच दिसायला हवी होती. ते नुसता अर्थ बघायचे. एका दणकट पोराला त्यांनी दुर्योधन म्हटलं. "ज्याच्याशी लढणं अवघड तो दुर्योधन. पोरगं आजाराला हार जात नाही म्हणालीस ना? मग?" मी शहाण्यासारखं ते चिकटवलं. पोराचा बाप आला, वाचलं, आणि खोली डोक्यावर घेतली. मी मास्तरांवर चिडले तर म्हणतात, "नावात वाईट काय आहे? वाईट तो नंतर वागला." कपाळ माझं!

मग ती आली. गणवेशाच्या दुकानात मशीनवर बसायची. शाळेच्या खिशावर, दप्तरावर पोरांची नावं रेशमानं काढायची. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांची नावं. म्हणून आम्ही तिला नावंवाली म्हणायला लागलो. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, तो वाटेत होता, फोन करायचा. मुलगी झालेली, तळहाताएवढी. तिचं दुखणं एकच होतं, पण मोठं. ती श्वास घ्यायला विसरायची. चांगलं चाललेलं असायचं आणि मध्येच थांबायचं, मॉनिटर ओरडायचा, आम्ही धावत जाऊन तळपायाला टिचकी मारायची की दचकून परत सुरू. लवकर आलेली बाळं विसरतातच, पण ही फार विसरायची.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हिला आईच्या छातीशी द्या. उघडं, कातडीला कातडी. जितका वेळ जमेल तितका. नुसत्या पेटीवर ही निघणार नाही." आईच्या छातीचा श्वास लागला की बाळाला स्वतःचा आठवतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पुन्हा पुन्हा.

पण नावंवाली काही खोलीच्या आत येईना. रोज दुपारी खाली यायची, काचेच्या दाराबाहेर उभी राहायची, आणि दुधाची वाटी माझ्या हातात देऊन परत वर. आत ये म्हटलं तर, उद्या. हात लाव म्हटलं तर, हात थंड आहेत. मला वाटलं, पहिलटकरीण असेल, घाबरते. जास्त विचार केला नाही, कामाचा ढीग होता. वाटेत मास्तरांना सांगितलं, "बाई जवळ येत नाही, आम्हीच चौघी पाखरांसारख्या भोवती घिरट्या घालतो."

मास्तर उभेच राहिले. "शकुंतला," म्हणाले. "शकुंत म्हणजे पक्षी. पक्ष्यांनी राखली म्हणून शकुंतला. किती नेमकं बसलं बघ!"

खरंच सुरेख वाटलं मला. नावही गोड, मुलगीही गोड. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जरा बरं अक्षर काढून लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात अर्थसुद्धा लिहिला, पाखरांनी राखलेली. करायला गेलो गणपती नि झाला मारुती म्हणतात, ते असं.

दुपारी नावंवाली आली. त्या दिवशी नेमकी तिनं हिंमत केली होती. चपला काढल्या, हात धुतले, गाऊन घातला, आणि पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. मी मनात म्हटलं, चला, घोडं गंगेत न्हालं. ती पेटीपाशी गेली आणि चिकटपट्टी वाचली.

"हे कोणी लावलं?"

"मी. आम्ही सगळ्यांनाच लावतो, बघ, तिकडे तो..."

"शाळेत होती आम्हाला ही गोष्ट," ती म्हणाली. "पाखरांनी राखली ना? का राखली? कारण आई टाकून गेली होती जंगलात. ते का नाही लिहिलं खाली? जागा होती की!"

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. मेनका. मेनका आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती.

"मी हिचं नाव ठेवलेलं नाही ते मुद्दाम," ती रडत बोलत होती. "मागच्याचं ठेवलं होतं. पोटात होता तेव्हाच. मीच झबल्यावर काढलं होतं, निळ्या रेशमानं. तो एक रात्र राहिला. ते झबलं अजून घरात आहे, त्यावरचं नाव उसवायला माझा हात धजत नाही. म्हणून हिला नाव नको म्हटलं. हात नको. हिच्यात जीव नको अडकायला. आणि तुम्ही मला इथे लिहून दाखवता, टाकून गेली!" तिनं ती पट्टी ओरबाडून काढली आणि गाऊन अंगावर तसाच ठेवून निघून गेली. मागे मुलगी श्वास विसरली, मी टिचकी मारली, तिनं घेतला.

त्या संध्याकाळी फाटकाशी मास्तर दिसले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमचे धातू नि तुमचे प्रत्यय!" मी पानवाल्यासमोरच सुरुवात केली. "अर्थ दिसतो, माणूस दिसत नाही तुम्हाला! त्या पोरीची आई आता खाली येणार नाही, आणि आई आली नाही तर पोरगी वाचायची नाही. कळतंय का? गेली ती तर कुठला अर्थ सांगणार आहात?" मी बरंच काही बोलले. चिकटवलं मीच होतं, पण राग आला की मला हिशेब सुचत नाही. मास्तरांनी नेहमीसारखी पिशवी घेतली आणि चालायला लागले. घरी ताटावर बसले आणि उठले. फक्त एकदा, स्वतःशी, "मेनका," एवढंच.

दुसऱ्या दिवशी नावंवाली आलीच नाही. दूध वॉर्डातल्या आयाबाईच्या हाती आलं. मुलगी सकाळपासून इतक्या वेळा विसरली की मॅडमनी श्वासाच्या नळीचं सामान जवळ आणून ठेवायला सांगितलं. मी वर जाऊन आले. बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी माफी मागितली, समजावलं, जरा ओरडलेही. ती वळली नाही.

दुपारी भेटायच्या वेळेला मी पुन्हा वर निघाले आणि जिन्याच्या तोंडाशी थबकले. मास्तर! इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. कठडा असा धरलेला, जणू सोडला तर जिनाच पळून जाईल. चेहरा पांढराफटक. एक पायरी चढले, थांबले. दुसरी चढले.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही इथे?"

"कुठल्या खाटेवर आहे ती?"

मी त्यांचा हात धरला आणि वर नेलं. दाराशी त्यांनी हात सोडवून घेतला, म्हणाले, "तू इथेच थांब." मी थांबले, पण कान काही कोणी झाकून घेत नाही.

मास्तर खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. लोकांचं सांत्वन करायला यांना कधीच जमलं नाही. पार वर्गात बसल्यासारखे ताठ बसतात. "मी तुमच्या सिस्टरचा नवरा," ते म्हणाले. "ते नाव मी काढलं होतं. चूक माझी. अर्थ तेवढा बघितला, गोष्ट विसरलो. आयुष्यभर शिकवली, तरी विसरलो."

ती भिंतीकडेच बघत होती. तशीच म्हणाली, "ती का गेली होती टाकून?"

"मेनका?" मास्तर म्हणाले. "गोष्टीत एवढंच आहे की तिचं काम झालं आणि ती परत गेली. तिला काय वाटलं ते कोणी लिहिलेलं नाही. मला वाटतं, तिला कोणी विचारलंच नाही."

"मला विचारा ना मग," ती एकदम वळली. "मी टाकली नाहीये. मला भीती वाटते. नाव नाही ठेवलं, हात नाही लावला, तर गेल्यावर कमी लागेल ना मला?"

मास्तरांनी चष्मा काढला. मला वाटलं आता हे काहीतरी संस्कृतातलं सांगणार, आणि मी दारातूनच डोळे वटारायच्या बेतात होते.

"आम्हाला एक मुलगी झाली होती," ते म्हणाले. "इथेच, खालच्या खोलीत. मी नाव ठेवू दिलं नाही. तुमच्यासारखंच वाटलं मला, नाव नसेल तर कमी लागेल. पोरी, काही कमी लागलं नाही. तेवढंच लागलं. पण आता तिची आठवण आली की माझ्याकडे हाक मारायला काही नाही. मी जगाच्या पोरांना नावं देत सुटतो, आणि माझ्या मुलीला मनातल्या मनातसुद्धा 'ती' म्हणतो."

मी दाराची चौकट धरली. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. आम्ही रोज घटोत्कच नि अश्वत्थाम्याच्या गोष्टी करत त्याच रस्त्यानं घरी जात होतो.

मग नावंवालीनं डोळे पुसले, पाय खाली सोडले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टर, माझे हात खरंच थंड आहेत. चालतील का?"

"हातांना कोण विचारतंय?" मी म्हटलं. आवाज माझा उगाच चढला. "छाती गरम आहे ना? चल, ऊठ!"

आम्ही तिला खाली आणलं. आरामखुर्चीत बसवलं, गाऊन पुढून मोकळा केला, आणि मी मुलीला तारा-नळ्यांसकट उचलून तिच्या छातीवर ठेवलं. वर पांघरूण. ती लाकडासारखी ताठ. श्वाससुद्धा भीत भीत घेत होती. "तू नीट घे," मी म्हटलं, "तुझा बघून ती घेणार आहे." हळूहळू तिचे खांदे उतरले. मुलगी निवांत पडली, तोंड आईच्या गळ्याकडे. मॉनिटर गप्प होता.

आणि मग, व्हायचं ते झालंच. विसरली. मॉनिटर किंचाळला. मी हात पुढे केला, पण त्याआधी ही बाई घाबरून जिवाच्या आकांतानं ओरडली, "अगं ए कार्टे! घे ना!"

मुलगी दचकली. अंग शहारलं, आणि मोठा श्वास घेतला. मग दुसरा. मग लागोपाठ.

मग मोठ्या मॅडम, ज्यांना मी कामावर असताना हसताना पाहिलं नव्हतं, तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळल्या. नावंवाली एकीकडे रडत होती, एकीकडे हसत होती. "बघा मेलीला," म्हणत होती, "बोलणी खायला आवडतात!" आणि तिनं त्या इवल्याशा पाठीवर हात ठेवला. थंडच असणार, पण पोरीनं तक्रार केली नाही. संध्याकाळपर्यंत तिथून दोघी हलल्या नाहीत. मधे दोनदा विसरली, आणि दोन्ही वेळा आईनं शिव्या दिल्या. मॅडमनी नळीचं सामान परत कपाटात ठेवायला सांगितलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

कार्टी वाचली, हे आत्ताच सांगते. पुढेही काही दिवस विसरायची, पण आई तिथेच होती. घरी जाताना तिला खरंखुरं नाव होतं. ते काय ठेवलं, हे सांगायचं तर तिनं सांगावं.

मी कपडे बदलून बाहेर आले. मला वाटलं होतं मास्तर केव्हाच फाटकाबाहेर जाऊन उभे असतील. तर हे आमच्या खोलीच्या काचेला लागून उभे. दुपारपासून तिथेच होते म्हणे, आयाबाईनं स्टूल दिलं तेही घेतलं नाही. आतल्या पेट्या बघत होते. त्यांनी नावं दिलेल्या कुठल्याच बाळाला त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

मी पिशवी त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी घेतली, पण पाय हलेनात.

"आपली कुठे होती?" त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. भिंतीलगतची, खिडकीखालची जागा. तिथे आता दुसरी पेटी होती, दुसरं बाळ. मास्तरांनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाव ठेवायला हवं होतं गं. मी नको म्हणालो. तुझंही राहिलं माझ्यामुळे."

"माझं नाही राहिलं," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली.

"मी ठेवलं होतं. तुम्ही बाहेर असायचात ना, डॉक्टरांशी बोलत, तेव्हा मी पेटीच्या खिडकीतून हात घालून तिला हाक मारायचे. आईला काहीतरी म्हणावंच लागतं हो. त्यात काही अर्थबिर्थ नाही, तुम्ही नाक मुरडाल म्हणून बोलले नाही."

"काय म्हणायचीस?"

"हसाल."

"नाही हसणार."

"ठमी," मी म्हटलं. "अंगावर मांस म्हणून नव्हतं पोरीच्या, तर म्हटलं, निदान नावानं तरी गुबगुबीत असू दे. ठमी."

मास्तर हसले नाहीत. धातू नाही विचारला, काही नाही. काचेवर तळहात टेकवला, खिडकीखालच्या त्या कोपऱ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू, आत कोणाची झोप मोडू नये अशा आवाजात म्हणाले, "ठमे."

मग पुन्हा एकदा हाक मारली, जरा मोठ्यानं.